जानेवारीत स्पिती: डिझेल गाडी, कुत्रा आणि उणे पंचवीस

शिमल्याहून किन्नौरमार्गे हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या काझ्याला जाणारा रस्ता हिवाळ्यातही शक्यतो चालू ठेवला जातो. मनालीकडची कुंझुम खिंडीची वाट बर्फाखाली बंद असते, म्हणून जायचं आणि यायचं ते सतलज आणि स्पिती नदीच्या काठाकाठानेच. जानेवारीत काझ्यात रात्री उणे वीस सहज होतं, लाट आली तर पंचवीसच्याही खाली. हल्ली महाराष्ट्रातून बरेच जण आपली गाडी आणि घरचा कुत्रा घेऊन या वाटेला लागतात. पुण्या-नाशिकच्या हवेत मुरलेली गाडी आणि त्याच हवेत वाढलेला कुत्रा, दोघांनाही ही थंडी परकी असते. गाडी बंद पडली की कुत्र्याचा निवारा गेला, आणि कुत्रा आजारी पडला की गाडी त्या क्षणी चालू व्हायलाच हवी. म्हणून दोघांची तयारी एकत्रच करायची.

निघण्यापूर्वी

महाराष्ट्रातल्या गाडीतला सगळ्यात मोठा धोका रेडिएटरमध्ये असतो. उन्हाळ्यात कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतायची सवय सगळीकडे आहे. असं दोन-तीन वेळा झालं की मिश्रण इतकं पातळ होतं की ते उणे आठ-दहालाच गोठतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. वरून पाणी काढून वर कूलंट ओतण्यात अर्थ नाही. पूर्ण निचरा करून निम्मं एथिलीन ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरायचं, ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' हा गैरसमज आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. भरून झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रण किती अंशाला गोठेल ते दाखवणारं छोटं उपकरण) तपासून घ्या, एका थेंबात काम होतं.

हेच कूलंट कुत्र्यासाठी विष आहे. चवीला गोड असल्यामुळे कुत्रे ते आवडीने चाटतात. ३० किलोच्या लॅब्रडॉरला शुद्ध ग्लायकॉल सव्वाशे-दीडशे मिली घातक ठरतं, मांजराला एक-दीड चमचा पुरतो. आधी दारू प्यायल्यासारखी लटपटती चाल, उलट्या, खूप तहान. मग थोडा वेळ बरं वाटल्याचा भास, आणि एक ते तीन दिवसांत किडन्या निकामी. उतारा असतो, पण तो पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो, आणि स्पितीत ते तास रस्त्यातच जातात. गळणारा होज, सैल क्लिप, पाझरणारा वॉटर पंप हे सगळं घरीच बदला. सुटी कॅन घट्ट झाकणाची हवी, तीही कुत्र्याच्या जागेपासून दूर.

बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर नवी घ्या. उणे १८ ला शिसे-आम्लाची बॅटरी जेमतेम अर्धी ताकद देते आणि त्याच वेळी इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेली उणे दहाच्या आसपास गोठते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट हवेत. १२.२ म्हणजे अर्धी उतरली.

ऑइलच्या ग्रेडमधला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा पाहा. जुन्या डिझेल गाड्यांत १५डब्ल्यू-४० असतं. उणे वीसला सेल्फने इंजिन फिरवता येईल, ही त्याची हद्द. ५डब्ल्यूची हद्द उणे तीस आहे. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० चालत असेल तर तेच टाकून निघा. काच धुण्याच्या टाकीतलं पाणी पूर्ण काढून थंडीत न गोठणारं वॉशर द्रव भरा, नाहीतर पंप आणि नळी दोन्ही फुटतात.

कुत्र्याच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की त्याला न्यावं का. लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आपला गावठी कुत्रा काटक असला तरी आखूड केसांचा, त्याला जाकीट लागतंच. पग, बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे, सहा महिन्यांखालची पिल्लं, हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असलेले म्हातारे कुत्रे यांना घरीच ठेवावं, यात तडजोड नको. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी निघण्याच्या महिनाभर आधी पूर्ण हव्यात, कारण काझ्यात मोकाट कुत्र्यांचे मोठे कळप आहेत. बूट घालायची सवय घरी दोन आठवडे लावा. बर्फात पहिल्यांदा बूट घातलेला कुत्रा ते उपसून काढण्यातच दमतो.

दिवस पहिला: शिमला ते रामपूर (सुमारे १३० किमी)

नारकंडा २७०० मीटरवर आहे आणि या दिवसाची कसोटी तिथेच. ठियोगच्या पुढे उत्तरेकडच्या उतारांवर, देवदारांच्या सावलीत, दुपारीसुद्धा काळा बर्फ टिकून असतो. रस्ता नुसता ओला दिसतो. ओळखायची खूण म्हणजे पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाही. तिथे ब्रेक नको, क्लच नको, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावरच उतरायचं.

बर्फात पकडीसाठी चाकांवर चढवायच्या साखळ्या लावायचा सराव नारकंड्याआधी कोरड्या जागी करा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढे, मागच्या चाकांवर चालणाऱ्याला मागे. शंभरेक मीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताण द्यायचा, कारण पहिल्या फेऱ्यांत साखळी सैल पडतेच. वेग तीस-चाळीसच्या वर नाही आणि डांबर लागलं की लगेच काढायच्या.

रामपूर हजारेक मीटरवर, नदीकाठी, तुलनेने उबदार आहे. शेवटचा खरा बाजार इथेच. डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडून साठलेलं पाणी इथे काढून टाका. वर गेल्यावर त्याच पाण्याचा बर्फ होऊन फिल्टर बंद होतो, आणि माणूस डिझेलला दोष देत बसतो.

दिवस दुसरा: रामपूर ते कल्पा (सुमारे १०५ किमी)

झाकरी, वांगतू, कडछम, मग पोवारी. पोवारीचा पंप महत्त्वाचा, त्यानंतर भरवशाचा पंप थेट काझ्यात, दोनशे किलोमीटरवर.

डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण जमतात आणि टाकीतलं डिझेल अजून पातळ असतानाच फिल्टर चोंदतो. भारतीय मानकात साध्या डिझेलची फिल्टर चोंदण्याची कमाल मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश सेल्सिअस धरली आहे. प्रत्यक्षातलं डिझेल याहून चांगलं असतं, पण उणे वीसला टिकेल असं ते बनवलेलंच नसतं. म्हणून तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. काझ्याच्या पंपावर 'विंटर डिझेल आहे का' हे विचारूनच भरा.

पोवारीत टाकी पूर्ण भरावी असं आमचं ठाम मत. कमी भरून जायचं आणि वर गेल्यावर चांगलं डिझेल घ्यायचं, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण दरड कोसळली किंवा काझ्याचा टँकर अडकला तर कोरड्या टाकीसह कुत्रा घेऊन रस्त्यात बसावं लागेल. भरण्याआधी टाकीत अँटी-जेल द्रव बाटलीवरच्या प्रमाणात ओता, म्हणजे डिझेलच्या धारेने ते नीट मिसळतं. मेण जमल्यानंतर ओतलेल्या अँटी-जेलचा उपयोग नाही. जुने ट्रकवाले रॉकेल मिसळायचे, बीएस-६ (२०२० पासूनचे प्रदूषण-नियम) गाड्यांच्या डिझेल पंपाला ते मारक आहे. पेट्रोल तर कधीच मिसळू नका. खरं तर निवड हातात असेल तर या सहलीला पेट्रोल गाडीच न्यावी, अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत युरियाचं द्रव म्हणजे डीईएफ असतं. ते उणे ११ ला गोठतं आणि गोठताना फुगतं, म्हणून त्याची टाकी काठोकाठ भरू नका. गोठलं तरी घाबरायचं कारण नाही. टाकीत हीटर असतो, गाडी सुरू होते आणि चालताना ते वितळतं. त्यात गरम पाणी ओतणं मात्र महागात पडतं.

दिवस तिसरा: कल्प्यात मुक्काम

२९६० मीटर. इथे एक दिवस थांबायचं ते उंचीची सवय व्हावी म्हणून, माणसांना आणि कुत्र्यालाही. कुत्र्यालाही विरळ हवेचा त्रास होतो: बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, जेवणाकडे पाठ, चढ दिसला की बसून राहणं. हिरड्या निळसर दिसल्या तर पुढे नाही, त्याच दिवशी खाली रामपूरला. माणसांची उंचीवरची गोळी कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नका. या दिवशी थोडं थोडं खायला घाला, फिरणं पंधरा-वीस मिनिटांचं. त्याच्याशी चेंडूचा खेळ नको.

दिवस चौथा: कल्पा ते ताबो (सुमारे १७० किमी)

दहाच्या आधी निघू नका. दरीत ऊन उशिरा उतरतं आणि रात्री रस्त्यावर वाहून गोठलेले नाले ऊन लागल्याशिवाय चाकांना पकड देत नाहीत. चारपर्यंत मुक्कामी पोहोचायचं. चारनंतर उन्हात विरघळलेलं सगळं पाणी पुन्हा काचेसारखं होतं. वाटेत नाष्ट्याला तासभर घालवायचा असेल तर त्या दिवशी नाकोलाच थांबा.

खाबच्या पुलाजवळ स्पिती नदी सतलजला मिळते. पुढे वळणांची चढण नाकोपर्यंत, ३६६० मीटर. नाकोनंतर मलिंग नाल्याचा पट्टा दगड पडण्याचा आहे, तिथे फोटोला, कुत्र्याला मोकळं करायला, कशालाही थांबायचं नाही.

दर दोन तासांनी कुत्र्याला उतरवायचं, तेही उन्हात आणि पट्ट्यासकट. पाच मिनिटं पुरतात. लॅब्रडॉरच्या बोटांच्या मधल्या केसांत बर्फ अडकून हरभऱ्याएवढ्या गाठी होतात. त्या टोचतात, कुत्रा लंगडतो, मग दाताने ओढतो आणि कातडी फाडून घेतो. निघण्यापूर्वी ते केस पंजाखालच्या गाद्यांच्या पातळीपर्यंत कापावेत आणि उतरण्याआधी गाद्यांना व्हॅसलिन लावावं. गाडीत परत घेतल्यावर एकेक पंजा हातात धरून गाठ तळहाताच्या उबेने सुटू द्यायची, ओढायची नाही. मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून बोटांच्या मधलं अंग पूर्ण कोरडं करायचं. ओला पंजा दहा मिनिटांत पुन्हा गारठतो. कानांची टोकं आणि शेपटीचं टोकही चाचपून पाहा. ती फिकी, कडक आणि थंड लागली तर हिमदंश सुरू झालाय. चोळू नका. कोमट, हाताला सुखद वाटेल इतक्याच गरम फडक्याने शेकावं.

पाणी थर्मासमधून कोमट द्या. स्टीलचं भांडं नको, ओली जीभ त्याला चिकटते. रबरी किंवा सिलिकॉनचं घ्या. बर्फ खाऊन तहान भागते हा समज चुकीचा आहे, बर्फ वितळवायला अंगातलीच ऊब खर्च होते.

आणि जेवायला उतरताना कुत्र्याला गाडीत एकटं ठेवणं इथे चालत नाही. इंजिन बंद झालं की काचा, पत्रा सगळं थोड्याच वेळात बाहेरच्या तापमानाला येतं.

दिवस पाचवा: ताबो ते काझा (सुमारे ४८ किमी)

ताबोचा मठ इ.स. ९९६ मधला. तो पाहून दुपारपर्यंत काझा गाठता येतो. ३६५० मीटरवर जागा शोधताना खोलीपेक्षा गाडी कुठे उभी राहील ते आधी पाहा: वाऱ्याच्या आड, आणि बॉनेटवर सकाळचं पहिलं ऊन येईल अशी. उघड्या नदीकाठी गाडी लावली तर सकाळी तासभर जास्त जातो.

होमस्टेला आधीच फोन करून कुत्र्याचं स्पष्ट सांगा. हिवाळ्यात बहुतेक हॉटेलं बंद असतात, नळ गोठलेले, शौचालय कोरडं, आणि सगळं घर एका खोलीत बुखारीभोवती, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीभोवती झोपतं. तिथे अनोळखी कुत्रा आणायचा तर त्यांची संमती हवी. बुखारीपासून तीन-चार फूट अंतर ठेवून पट्टा बांधा, कारण गारठलेला कुत्रा शेपटी होरपळेपर्यंत जवळ सरकतो. खिडकी बोटभर उघडी हवी. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासावरून कळत नाही.

रात्रीची कामं उजेड असतानाच उरकायची. गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकांना दगड. हँडब्रेक ओढायचा नाही, ओली केबल किंवा ड्रम गोठून चाक जाम होतं. वायपर उभे करून ठेवा. दारांच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारलेला असावा. मग बॅटरी: आधी ऋण टोक, मग धन टोक सोडवून बॅटरी खोलीत. परत लावताना उलट क्रम. पंधरा-वीस किलो वजन आहे, पण सकाळचा फरक पाहता हे कष्ट वसूल होतात. बॉनेटवर जाड गोधडी आणि त्यावर ताडपत्री.

रात्रभर इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो बीएस-६ डिझेलला लागू नाही. गाडी उभी ठेवून नुसतं इंजिन चालवलं तर डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी साठते, ती जाळायला लागणारी उष्णता येतच नाही, आणि दोन रात्रींत इशाऱ्याचा दिवा पेटतो.

दिवस सहावा: काझ्यातली सकाळ

साडेनऊच्या सुमारास गाडीवर ऊन येतं. त्याआधी सेल्फ मारायची घाई करू नका, थंडीत वाया गेलेला प्रत्येक सेल्फ बॅटरीतून वजा होतो. आधी गोधडी काढा, मग बॉनेटवर जोरात दोन थापा मारून खाली वाका. गल्लीतली कुत्री-मांजरं रात्री इंजिनच्या उबेला आत शिरून झोपतात, पंख्याच्या पट्ट्यात सापडतात.

चावी ऑनवर, ग्लो प्लगचा (सुरू होण्याआधी इंजिन आतून तापवणारा भाग) दिवा विझू द्या. चावी बंद करून हेच दोनदा पुन्हा. मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ, जास्तीत जास्त दहा सेकंद. मग मिनिटभर थांबा. तीन प्रयत्नांत नाही झाली तर कारण शोधायचं, सेल्फ मारत राहायचं नाही.

नुसता 'टक' आवाज येत असेल तर बॅटरी किंवा टोकं. इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर डिझेल. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गाडी सुरू होते, पाच-सात मिनिटं चालते आणि मग जोर जाऊन बंद पडते. नळ्यांतलं डिझेल संपलं आणि टाकीतून आलेल्या मेणाने फिल्टर भरला. अशा वेळी फिल्टरला गरम पाण्याची रबरी पिशवी बांधून वर फडकं गुंडाळा, वीस मिनिटांनी, फिल्टरजवळ डिझेल ओढायचा हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा आणि मग सेल्फ. सुटा फिल्टर जवळ असेल तर तो रात्री खोलीत ठेवलेला हवा. टाकीखाली निखारे किंवा स्टोव्ह धरण्याचा प्रकार इथे दिसतो. आताच्या प्लास्टिकच्या टाक्यांखाली ती आग म्हणजे गाडी गेलीच समजा.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करायची तर लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरी फुगलेली दिसली किंवा आत बर्फ दिसला तर जोडू नका, ती फुटते. आधी खोलीत पूर्ण वितळू द्या.

सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं शांत चालू द्या, मग पहिले चार-पाच किलोमीटर दोन हजार आरपीएमच्या आत. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. चाकांची हवाही याच वेळी पाहा. थंडीने ती कमी होते, पण उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्यामुळे मीटर थोडी जास्त दाखवतो. दोन्हींचा हिशेब केला तर पुण्यात ३३ पीएसआय भरलेली काझ्यात सुमारे ३० दिसते. पुस्तिकेतल्या आकड्याला भरा. परत उतरल्यावर ती वाढेल, तेव्हा रामपूरला पुन्हा तपासा.

काझ्याजवळच्या किब्बर गावाला कुत्रा नेऊ नका. तो हिमबिबट्याचा मुलूख आहे, हिवाळ्यात तो गावालगत उतरतो आणि कुत्रे उचलतो. शिवाय आपल्या कुत्र्याच्या भुंकण्याने तिथली जनावरं बिथरतात. काझ्यातही पट्टा सुटू देऊ नका, मोकाट कळप एकट्या कुत्र्यावर तुटून पडतात.

कुत्रा गारठला तर आधी कापरं भरतं. कापरं थांबलं आणि तो सुस्त, अडखळता झाला तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, प्रकृती ढासळतेय. गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहा: निरोगी कुत्र्याचं ३८.३ ते ३९.२ अंश असतं, ३७ च्या खाली म्हणजे उपचार हवेत. कोरडं करून ब्लँकेटमध्ये गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून छाती-पोटाशी ठेवा. पायांना शेक देऊ नका, पायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे येतं. दर दहा मिनिटांनी तापमान पाहत राहा. गिळू शकत असेल तरच कोमट पातळ पेज, आणि लगेच काझ्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात.

दिवस सातवा, आठवा: परत

उतरताना रस्ता तोच, अडकण्याची शक्यता मात्र जास्त, कारण दुपारचं ऊन लागलं की मलिंगच्या बाजूला दगड सुटतात. रस्ता बंद झाला तर गाडीतच थांबायचं. आधी सायलेन्सरच्या तोंडासमोरचा बर्फ काढा, मग तासाला दहाच मिनिटं इंजिन, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली. तेवढ्याने डिझेल रात्रभर पुरतं. कुत्रा स्लीपिंग बॅगेशेजारी, अंगाशी घेऊन.

रामपूरला पोहोचल्यावर फिल्टरमधलं पाणी पुन्हा काढा, चाकांच्या आतला चिखल-बर्फ धुऊन टाका, साखळ्या वाळवून तेल लावून ठेवा. कूलंटची पातळी थंड इंजिनवर पाहा आणि गाडीखाली जमिनीवर हिरवट किंवा गुलाबी थेंब आहेत का ते पाहा. असतील तर कुत्र्याला तिथून लांब बांधून ती जागा पाण्याने धुऊन काढा. पंजांच्या भेगांना आठवडाभर रात्री व्हॅसलिन, आणि मोकाट कुत्र्यांशी संपर्क आला असेल तर दोन आठवडे खोकला, डोळ्यांतली घाण, ताप यांच्यावर नजर ठेवा. चावा घेतला असेल तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लस आधी दिलेली असली तरी रामपूरच्याच दवाखान्यात रेबीजचा डोस पुन्हा द्यायला सांगा.